एक बाटली, तीन डोकी

त्या आठवड्यात मला झोप नव्हती. शाळेतून चिठ्ठी आली होती: सोमवारपर्यंत डोकं स्वच्छ झालं नाही, तर मुलीला पाठवू नका. ओवी दुसरीत, केस कमरेपर्यंत. मी रविवार संध्याकाळचं पार्लर ठरवून टाकलं, बॉयकट. तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलत होती.

उवांचे किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. पण पनवेलच्या आमच्या बिल्डिंगखाली स्कूलबसची वाट बघताना एकीने तोंड उघडलं, की बाकीच्यांचे आपोआप बाहेर पडतात.

*

सुरुवात माझ्यापासूनच, चिठ्ठीच्या महिनाभर आधी. औषधाच्या बाटलीवर लिहिलं होतं, दहा मिनिटं ठेवा. मी दोन मिनिटांत धुतलं. केमिकल ते, मेंदूपर्यंत गेलं तर?

वरच्या मजल्यावरची अर्चना म्हणाली, "अर्धी उरली ना? दे इकडे." तिच्या मुलीला लावून तळाशी राहिलेलं तिच्या जावेच्या मुलीला गेलं. एका बाटलीत तीन डोकी. आम्हाला आमचंच कौतुक वाटलं.

*

पुढच्या महिन्यात तिन्ही डोकी पुन्हा खाजायला लागली. नवी बाटली, या वेळी घड्याळ लावून. काही फरक नाही. अर्चनाने एक ऊ कागदावर काढून तिच्यावर थेंब सोडला. ऊ सावकाश चालत कडेपर्यंत गेली.

"ही तर अंघोळ करून निघाली," अर्चना म्हणाली.

मी बी.एस्सी. झूलॉजी. नैसर्गिक निवडीवर पानभर उत्तर लिहून पास झालेली बाई. आणि अर्ध्याकच्च्या औषधाने मी स्वतःच निवडून निवडून चिवट उवा पाळल्या होत्या, पोटच्या मुलीच्या डोक्यात.

*

बुधवारी मासे घेऊन येणाऱ्या जनाबाईंना विचारलं, खाडीतली बोय मासळी हल्ली एवढी लहान का?

"मोठी जाल्यात घावली, बारकी निसटली. आता त्यांचीच पिलावल हाय." मग माझ्याकडे बघून, "तुमचा काय बिनसलाय?"

सांगितलं.

"औषध नको, फणी घ्या. रोज. औषध पचवनारी आन् नाय पचवनारी, फणीला दोनी सारख्याच."

*

रविवारी दुपारी ओवी वर्तमानपत्रावर बसली होती, मी मागे रोजच्यासारखी फणी घेऊन. म्हटलं, आता कबूल करावं.

"औषधाने त्या हुशार नाही झाल्या गं. काही आधीपासूनच जरा वेगळ्या होत्या. मी अर्धवट लावलं, साध्या मेल्या, वेगळ्या उरल्या. आता आहेत त्या त्यांच्याच मुली."

"म्हणजे वेगळ्या चांगल्या होत्या?"

"तसं आधी कुणालाच कळत नाही. औषध येईपर्यंत त्या वेगळेपणाचा काही उपयोगच नव्हता."

मी फणी फिरवली, कागदावर काही पडलं नाही. पुन्हा फिरवली. तिने सगळे केस माझ्या हातातून ओढून पुढे मांडीवर घेतले.

"मग हे पण राहू दे ना. पुढे कशाला लागतील, तुला तरी कुठे माहितीये?"