कंपनीचा फ्रिज आणि शेजारणीचं दही

कोहक्यात आमच्या घराच्या पुढच्या खोलीत माझं किराणा दुकान आहे. आमचे हे इथल्या स्टील प्लान्टातून रिटायर झाले तेव्हापासून ते पेपर वाचत बसतात आणि गिऱ्हाईक मी सांभाळते. एका उन्हाळ्यात थंड पेयांच्या मोठ्या कंपनीचा सेल्समन आला. "आंटीजी, फ्रिज रख लो. फुकट में." माणूसभर उंचीचा, काचेच्या दाराचा फ्रिज, आणि फुकट! नवी वस्तू घरात रिकामी ठेवायची नाही, ही आमच्याकडची रीत. मी दाराला हळदीकुंकू लावलं आणि बाटल्या यायच्या आधीच आत दह्याची वाटी ठेवली.

वाटीमागून हंडी आली. शेजारची छत्तीसगढी बाई दोन म्हशींवर घर चालवते. तिचं दही मीच विकत असे, पण मे महिन्यात ते दुपारपर्यंत आंबायचं आणि उरलेलं बिचारी परत न्यायची. आता हंडी फ्रिजच्या खालच्या खणात राहू लागली. शिफ्ट सुटल्यावर येणाऱ्यांनाही गोड दही मिळायचं. तिनं तर तिसऱ्या म्हशीची बोलणी सुरू केली.

महिन्याभरानं सेल्समन परत आला आणि दार उघडून उभाच राहिला.

"आंटीजी, ये क्या है?"

"दही आहे, बाबा. देऊ का वाटीभर?"

त्यानं वाटी घेतली, चाटूनपुसून संपवली, आणि मग सांगितलं की या फ्रिजात कंपनीच्या मालाशिवाय काही चालत नाही. सोमवारी साहेब येणार, हंडी दिसली तर फ्रिज उचलणार.

राग यायला हवा होता, पण मले तर नवलच वाटलं. दह्यानं एवढ्या मोठ्या कंपनीचं काय बिघडतं? त्याला बसवून विचारलं. तो म्हणाला, तहानलेल्या माणसानं दार उघडलं की आमचीच बाटली दिसावी, यासाठी तर फ्रिज दिला. खर्च आमचा आणि थंडावा दुसऱ्याच्या मालाला, असं कसं चालेल? बोलणं काही खोटं नव्हतं. पण वीज माझी, जागा माझी, त्याचं काय? मग मी सोमवारपर्यंत पाहतच बसले, कोण कशासाठी दार उघडतो ते. तर दह्यासाठी आलेल्या बाया लेकरांसाठी बाटलीही उचलत होत्या! सोमवारी साहेबांना हे सांगितलं. ते हसले.

"आपकी दुकान में होगा, माताजी. नियम तो सबका एक है."

तुम्हाला सूट दिली तर जुनवानीपासून जामुलपर्यंत प्रत्येक दुकानाच्या फ्रिजात काहीबाही निघेल, असं त्यांचं म्हणणं.

आमच्या यांनी पेपरातून डोकं काढलं. "काढ ते दही! तिच्या म्हशीपायी फुकटचा फ्रिज घालवून राहिली."

"फुकट हाय, मंग अट कावून हाय?"

यावर हे पुन्हा पेपरात शिरले. शेजारीण उंबऱ्याशीच होती. बिचारी हंडी उचलायला वाकलीसुद्धा. मी म्हटलं, "राहू दे." आणि फ्रिज टेम्पोत चढला.

चार दिवस दही आंबलं आणि हेही आंबले. पाचव्या दिवशी रायपूरकडच्या एका लहान कंपनीचा माणूस रिकामा कोपरा पाहून आत शिरला. फ्रिज देतो म्हणाला. या वेळी मी आधी अट विचारली. त्याचीही तीच! "मग नको," म्हटलं. तो जाईना, कोपऱ्याकडेच पाहत राहिला. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला: मोठ्या कंपनीचा फ्रिज इथं असता, तर हा दारातूनच परतला असता. गरज त्यालाही होती की!

"खालचा एक खण तुमचा," तो शेवटी म्हणाला. ते मी कागदावर लिहून घेतलं. आता त्याच्या बाटल्या कमीच खपतात, मोठ्या कंपनीची मागणारे पुढच्या चौकात जातात. तेवढं नुकसान आहेच, नाही कशाला म्हणू?

नवा फ्रिज लागला तेव्हा शेजारीण हंडी धरून दूरच उभी. "दीदी, एहू ला ले जाहीं का?" म्हणजे, हाही नेतील का?

"मले काय माहीत," मी म्हटलं. "तू ठेव तर खरी."