खुनी कोण, हे अध्यक्षांनी सांगितलं

एका इंग्रज लेखकाच्या विनोदी खूनकथेचं मी आमच्या जपानातल्या निशी-कसाईच्या मराठी मंडळासाठी नाटक केलं. पाद्र्याचा हेडमास्तर केला, विष मात्र चहातच ठेवलं. ते कोण घालतं हे शेवटपर्यंत कळू नये, एवढीच माझी इच्छा. लोकरीचं विणत बसणाऱ्या सोज्वळ मावशी खुनी आहेत, हे मी नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं.

प्रयोगाआधी दीपप्रज्वलन झालं. सभागृहात आग चालत नाही, म्हणून बॅटरीच्या समईवर. मग सत्कार, त्याशिवाय आमच्याकडे काही सुरू होत नाही. अध्यक्षांनी कलाकारांना रांगेत उभं केलं आणि माइकवर म्हणाले, "आणि या आपल्या वहिनी! इतक्या शांत, पण आज खुनी म्हणून काय कमाल करतात बघा!"

टाळ्या. शाल. नारळ मिळाला नव्हता, म्हणून अननस.

मी विंगेत थिजले. अध्यक्ष आत येताच म्हटलं, "अहो, तुम्ही सांगून टाकलंत!"

"मग? कौतुक नको करायला?"

नाटक सुरू झालं. मावशींनी कपात साखरेची म्हणून पुडी रिकामी करताच पुढच्या रांगेतली एक चिमुरडी जपानीत ओरडली, "नोमानाइदे!" पिऊ नका. हेडमास्तर झालेले तिचेच बाबा. ते थबकले, तिच्याकडे पाहिलं आणि नाइलाजाने पिऊन कोसळले. पोरीने भोकाड पसरलं.

"बाबा नाटक करतायत गं!" मृतदेह म्हणाला.

तेवढ्यात इन्स्पेक्टर आला. त्याने विचारलं, "इथे कोण कोण होतं?" सगळ्या पोरांनी एकदम मावशींकडे बोट दाखवलं. ऑफिसात हा सॉफ्टवेअर तपासतो. समोर दिसणाऱ्या चुकीकडे काणाडोळा करणं त्याला जमत नाही. तो गोंधळला, आणि त्याने मावशींना सरळ बेड्या घातल्या.

पडदा ओढणाऱ्या जपानी गृहस्थांना मराठी येत नव्हतं. बेड्या दिसल्या की पडदा, असं मीच त्यांना सांगून ठेवलं होतं. त्यांनी तो अत्यंत व्यवस्थित पाडला.

"झकास!" अध्यक्ष म्हणाले. "आणि चक्क वेळेच्या आधी!"

मी पडद्याच्या फटीतून पाहिलं. प्रेक्षक शिस्तीत आपापल्या खुर्च्या घडी करून भिंतीशी रचत होते. मागे मेकअपच्या खोलीचं दार उघडलं. दुसऱ्या अंकातले तिन्ही संशयित मिशा लावून उभे होते.

"ताई, आम्ही कधी यायचं?"