माझ्या मॅग्नेशियमच्या गोळ्या बाबांनी घेतल्या

मंडळी, क्रॅटमच्या पानांची ही नशेची पावडर हळूहळू कमी करताना कुठली गोळी घ्यावी, हे मी व्यसन सोडणाऱ्यांच्या या ग्रुपवर शंभरदा विचारून घेतलं. घरी मात्र एकदाही खरं बोललो नाही. त्याची आज लाज वाटतेय.

पावडर कमी केली की रात्री पाय स्वस्थ राहत नाहीत, म्हणून मी मॅग्नेशियम घेतो. आईने विचारलं तेव्हा म्हणालो, "जिममुळे पाय दुखतात, त्यावर आहे. साधं व्हिटॅमिन गं."

आज बाबांना कांदिवलीला किडनीच्या डॉक्टरांकडे नेलं. दोन दिवस ते फार सुस्त होते. डॉक्टरांनी विचारलं, "नवीन काही सुरू केलंय?"

आईने पर्समधून माझीच डबी काढली. "यांच्या पायात पेटके येतात म्हणून देते. मुलगा रोज घेतो. व्यायामाचं फार वेड आहे त्याला."

"किडनीच्या पेशंटला मॅग्नेशियम? ताबडतोब बंद करा. आजच रक्त तपासा."

डॉक्टरांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. आईच म्हणाली, "त्याला नका बोलू डॉक्टर, मी न विचारता दिली."

संध्याकाळी रिपोर्ट आला. मॅग्नेशियम वाढलंय, पण ॲडमिट करायची गरज नाही.

मघाशी आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "तुझी अर्धी डबी आम्हीच संपवली रे. नवीन आणू का?"

माझ्या खोटेपणाबद्दल ती माझी माफी मागतेय. जेवायच्या आधी तिला सगळं सांगणार आहे. तुम्ही घरी सांगितलंत तेव्हा पहिलं वाक्य काय होतं?