सगळी इंजेक्शनं झाल्यात

रंकाळ्यावर आम्ही दोघी सतरा वर्षं एकत्र फिरलो. मी तेव्हा शाळेत शिकवत होते आणि तिचा मुलगा माझ्या वर्गात होता. पालकसभेला आली, मुलाच्या अक्षरावरून मी बोलले ते निमूट ऐकून घेतलं आणि जाताना म्हणाली, बाई, तुम्ही सकाळी फिरायला जातासा नव्हं, मी बी येतो. आमच्याकडच्या बायका 'मी येतो, मी जातो' असंच बोलतात. दुसऱ्या दिवशी साडेपाचला ती माझ्या फाटकाशी उभी होती. तिचं घर आमच्या मागच्याच गल्लीत, आणि शाहूपुरीत ब्लाउज शिवायचं छोटं दुकान. शेवटपर्यंत ती मला बाईच म्हणायची, अहोजाहो करायची. मी मात्र तिला अगंतुगं करायचे.

माझे यजमान दवाखान्यात होते तेव्हा सलग अकरा दिवस तिच्या घरून डबा आला. मी मागितला नव्हता. आणून ठेवायची, आदल्या दिवशीचा रिकामा घेऊन जायची, चौकशीसुद्धा फार करायची नाही. पुढचं सगळं सांगताना हे आधी सांगायला हवं, नाहीतर मी तिच्या शब्दावर इतका भरवसा का ठेवला ते कळणार नाही.

चार वर्षांपूर्वी तिचे यजमान गेले. दुकान आधीच बंद झालं होतं, डोळ्यांनी साथ सोडली होती. घरात मुलगा आणि सून, दोघंही नोकरीला. आई दिवसभर एकटी बसते म्हणून मुलानं लॅब्रॅडॉरचं पिल्लू आणलं. हे लचांड कशाला आणलंयस म्हणून पहिल्या आठवड्यात तिनं मुलाला भरपूर ऐकवलं. महिन्याभरात पिल्लू तिच्या पलंगावर झोपायला लागलं. मग ते आमच्याबरोबर फिरायलाही यायला लागलं.

पहिलं वर्षभर त्याच्या गळ्यात पट्टा आणि साखळी असायची. पुढं कुत्रा मोठा झाला, तिला ओढायला लागला, तशी ती तळ्याच्या कडेला पोचलं की साखळी सोडायची आणि स्वतःच्या मनगटाला गुंडाळून घ्यायची. त्याला पण मोकळं वाटू दे की, म्हणायची. तो सुटायचा तो थेट लोकांकडे. कट्ट्यावर प्राणायाम करणाऱ्यांच्या मांडीवर पाय ठेवायचा, पळणाऱ्या पोरांच्या मागं लागायचा. कुणी हसायचं, कुणी शिव्या द्यायचं. ती लांबूनच ओरडायची, "काय करत न्हाय त्यो, खेळतोय!" मला कुत्र्यांची फारशी आवड नाही, पण तिचा म्हणून मी त्याला सवयीनं माझाच धरला होता.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत एक तरुण बाई दोन लहान मुलींना पाण्यातली बदकं दाखवायला घेऊन आली होती. कुत्रा धावत गेला आणि धाकटीच्या छातीवर त्यानं दोन्ही पाय ठेवले. पोर किंचाळली. आईनं तिला उचललं, तर तो मोठीकडे वळला. माझी मैत्रीण मागं, गुडघे धरून हळूहळू येत होती. मी पुढं होते, म्हणून ती बाई मला म्हणाली, मावशी, तुम्ही तरी सांगा की, बांधा म्हणावं त्याला, हिला एकदा चावलंय कुत्रं.

मी तिला शाळेतल्या आवाजात सांगितलं की तुम्ही आधी ओरडायचं बंद करा, मुली तुमचं बघून घाबरतात, हा काही करत नाही.  ती दोन्ही पोरींना दोन कडेवर घेऊन आल्या वाटेनं परत गेली. बदकं बघायची राहिलीच. मैत्रिणीनं माझा दंड धरला आणि म्हणाली, तुम्ही हाय म्हणून बरं. मला बरं वाटलं होतं, हेही खरं आहे.

मे महिन्यात माझी नात पुण्याहून आली. सहा वर्षांची. लेक-जावयाला सुट्टी नव्हती, म्हणून तीन आठवडे ती एकटीच माझ्याकडे राहणार होती. पाचव्या दिवशी हट्टानं माझ्याबरोबर फिरायला आली. आम्ही तिघी चालत होतो. कुत्रा पायऱ्या उतरून पाण्यात गेला होता, तो ओलाचिंब होऊन मागून आला. नातीनं वळून बघितलं आणि ती पळाली. त्यानं तिच्या पाठीवर उडी मारली. ती फरशीवर पालथी पडली, हात झाडायला लागली, आणि त्यानं तो हात तोंडात धरला. क्षणभरच. मैत्रिणीनं गळपट्टा धरून त्याला मागं ओढलं. तोवर कोपराच्या वर दोन खुणा उठल्या होत्या आणि एकीतून रक्त येत होतं.

ती म्हणाली, नखं लागल्यात, दात न्हवं. मी डोळ्यांनी बघितलं होतं, तरी वाद घातला नाही. एकच विचारलं, याला इंजेक्शनं दिली आहेत ना?

तिनं माझ्या नातीच्या डोक्यावर हात ठेवला. "सगळी इंजेक्शनं झाल्यात, बाई. जानेवारीतच झाल्यात. पोराची शपथ घिऊ व्हय?"

मी म्हटलं, शपथ कशाला.

घरी आणून जखम साबणानं धुतली, वर हळद लावली. संध्याकाळी लेकीला फोनवर सांगितलं. ती लगेच म्हणाली, डॉक्टरकडे ने. मी तिला समजावलं की कुत्रा घरातला आहे, माणसं माझ्या ओळखीची आहेत, त्याचं सगळं वेळच्या वेळी होतं. तिनं विचारलं, कार्ड बघितलंस का लसीचं? मी म्हटलं, बघितलं. माझ्या हिशेबी मैत्रिणीचा शब्द म्हणजे कार्डच होतं. सहा वर्षांच्या मुलीला उगाच सुया का टोचायच्या, असंही वाटलं.

तिसऱ्या दिवशी मंडईत मैत्रिणीची सून भेटली. हात कसा आहे म्हणून तिनं विचारलं. मी सांगितलं, सुकलाय. मग तिनं आवाज खाली करून विचारलं, सुई दिली ना तिला? मी म्हटलं, तिला कशाला, तुमच्या कुत्र्याला दिल्यात ना सगळ्या.

तिचा चेहरा उतरला. पिल्लू असताना दिल्या होत्या, ती म्हणाली. त्यानंतर दोन वर्षांत एकही नाही. सुई दिली की त्याला ताप येतो, तो दोन दिवस खात नाही, म्हणून सासूबाई नेऊ देत नाहीत. आणि मग म्हणाली, "मी त्याच संध्याकाळी म्हटलं त्यांना, बाईंना खरं सांगा. सांगितलं म्हणाल्या मला."

भाजीची पिशवी मी तिथंच कुणाच्या तरी टोपलीपाशी ठेवली. रिक्षा करून घरी आले, नातीला उचललं आणि सरकारी दवाखाना गाठला. डॉक्टर तरुण होता, तो रागावला नाही. किती दिवस झाले विचारलं, मी तीन म्हटलं. वर काय लावलं, हळद म्हटलं. त्यानं सगळं लिहून घेतलं. जखमेच्या भोवती सुया दिल्या, दुसऱ्या दंडात लस दिली, पुढच्या तारखा सांगितल्या आणि कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवायला सांगितलं. नातीनं माझा पदर तोंडात धरला होता. ती रडली, पण मला काही विचारलं नाही. पहिल्या दिवशी जखम धुताना मी तिला सांगितलं होतं की आता काही होणार नाही.

दुपारी लेकीला फोन केला. सगळं खरं सांगितलं. मग ती म्हणाली, "आई, तू कार्ड बघितलंस म्हणाली होतीस." दुसऱ्या दिवशी सकाळी येते म्हणाली आणि फोन ठेवला.

त्याच संध्याकाळी मी मागच्या गल्लीत गेले. ती बाहेरच्या खोलीत पलंगावर बसली होती, कुत्रा खाली. सून आत होती, ती बाहेर आली नाही. मी विचारलं, खोटं का बोललीस? आधी म्हणाली, मला वाटलं पोरानं दिली असतील.  मग म्हणाली, मला वाटलं तुम्ही तक्रार द्याल, कॉर्पोरेशनची गाडी येईल आणि घेऊन जाईल त्याला. मी म्हटलं, सतरा वर्षांत कधी कुणाची तक्रार केली आहे का मी?

ती कुत्र्याच्या पाठीवरून हात फिरवत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुमची नात पंधरा दिवसांनी पुण्याला जाणार. ह्यो गेला तर माझ्याजवळ कोण हाय?"

पोरीला काही झालं असतं तर, मी विचारलं. ती म्हणाली, झालं न्हाय की. आणि मग, अगदी शांतपणे, "त्या दोन पोरींच्या आईला तुम्हीच सांगितलासा की, काय करत न्हाय म्हणून."

मी उठले.  कुत्रा शेपटी हलवत फाटकापर्यंत सोडायला आला.

दहा दिवस तिची सून मला रोज सकाळी मोबाइलवर कळवायची, आज खाल्लं, आज ठीक आहे. कुत्र्याला काही झालं नाही. लेकीनं येऊन नातीला पुण्याला नेलं, उरलेले डोस तिथं पूर्ण झाले, हातावर आता फक्त एक पांढरा ठिपका आहे. कुत्रं दिसलं की ती रस्ता ओलांडते.

मैत्रीण अजून रंकाळ्यावर जाते असं ऐकते. साखळी हातात धरते म्हणे. मी संध्याकाळी घराच्या गच्चीवर फेऱ्या मारते. एकदा ती दारात आली होती, पायरीवरच उभी राहिली. पाणी किती वाजता येतं एवढंच बोललो आम्ही. ती गेल्यावर मला त्या अकरा दिवसांच्या डब्यांची आठवण येऊन रडू आलं आणि रागही आला. डबा आणणारी ती आणि पोरीच्या डोक्यावर हात ठेवून खोटं बोलणारी ती, या दोघी एकच बाई आहेत हे मला अजून जमवून घेता येत नाही.

लेक पुन्हा त्या विषयावर बोललेली नाही. दिवाळीत नात आली नाही, घर रंगवायला काढलंय असं कारण सांगितलं. या मे महिन्यात आली, पण आईबरोबर, चार दिवसांसाठी. कोपऱ्यावरच्या दुकानातून पेन्सिल आणायला मी नातीला घेऊन निघाले, तर लेक स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली, चपला घातल्या आणि म्हणाली, मीही येते. रस्त्यात तिनं पोरीचा हात धरला होता. मी दोघींच्या मागून चालत होते.