खिडकीबाहेरचा हात

मी नोकरीसाठी नेदरलँड्समधल्या झूटरमेरला एकटाच आलो, तेव्हा समोर राहणारे डच गृहस्थ गाडी उभी केली की खिडकीतून हात बाहेर काढत. मला नमस्कार करतात असं समजून मीही मनापासून हात हलवायचो. त्यांनी माझी चूक कधी दाखवली नाही.

गावोगाव फिरणाऱ्या स्टॉक कार शर्यतींत ते झेंडा दाखवायचे. मातीच्या ट्रॅकवर जुन्या गाड्या एकमेकींना मुद्दाम धडका देतात. एका रविवारी ते मला घेऊन गेले. "गाडी उलटली की आधी खिडकी बघायची," ते म्हणाले. "हात बाहेर आला म्हणजे माणूस ठीक आहे."

शेवटच्या फेरीत त्यांची मुलगी सगळ्यांत पुढे होती. ती आजवर कधीच जिंकली नव्हती. तेवढ्यात मागे वळणावर एक गाडी उलटली. खिडकी रिकामीच. "थांबा, तिला पोचू द्या!" लोक ओरडले. मुलगी शेवटच्या रेषेजवळ आली आणि माझ्या शेजाऱ्यांनी लाल झेंडा वर केला.

शर्यत थांबली. लगेच उलटलेल्या गाडीतून हात बाहेर आला. शेवटच्या फेऱ्या पुन्हा झाल्या, त्यात मुलगी चौथी आली.

परतताना गाडी तीच चालवत होती.

"जरा थांबता आलं नसतं, पपा?"

"हात दिसला नव्हता."

"मी दिसत होते ना?"

मी मागे अंग चोरून बसलो होतो. घरासमोर गाडी थांबली, तसा त्यांनी सवयीने हात बाहेर काढला. ती समोर बघत राहिली. मग तिच्या बाजूची काच खाली गेली आणि तिचाही हात बाहेर आला.