ताईंचं यंत्र आणि ह्यांची शर्यत

आमच्या ह्यांना अख्खी गल्ली 'स्टॉपवॉच' म्हणते. दूध किती वेळात उतू जातं, लिफ्ट आधी पोचते की जिन्याने आपण, सगळं मोजायचं. धंदा यंत्रदुरुस्तीचा, त्यात हा नाद! मी लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात हात टेकले.

तर ताई, म्हणजे ह्यांची थोरली बहीण, घरी यंत्रावर स्वेटर विणतात. धागा तुटूनही यंत्र चालत राहिलं की टाके सुटतात आणि सगळं उसवायची पाळी येते. म्हणून ह्यांनी काडेपेटीएवढा इलेक्ट्रॉनिक बोर्ड बसवून दिला. धागा तुटला की मोटर बंद. पण लोकर जाड-बारीक झाली की त्यातला प्रोग्राम बदलावा लागे, आणि ते यायचं फक्त ह्यांना. ताईंचा फोन आला की हे हत्यारांची पिशवी उचलून शहराच्या दुसऱ्या टोकाला.

शेवटी ताई वैतागल्या. वाचनालयातल्या वर्गाला जाऊन पायथन नावाची प्रोग्राम लिहायची भाषा शिकून आल्या.

"आता प्रोग्राम पायथनमध्ये लिहून दे," भावाला म्हणाल्या. "दर वेळी तुझी वाट बघत बसणं मला नाही जमायचं."

"अगं, ते मंद आहे! मी लिहितो ती लुआ भाषा वेगवान. पायथनने मोटर थांबवेपर्यंत तुझे टाके सुटतील."

"मंद कशावरून?"

झालं! ह्यांना तेवढंच हवं होतं. दोन सारखे बोर्ड आमच्या जेवणाच्या टेबलावर आले. एकात लुआ, एकात पायथन. काम एकच: आकडे मोजायचे, संपले की दिवा लावायचा. लुआचा दिवा लगेच लागला. पायथन आपला चाललाय, चाललाय. ताईंचा चेहरा उतरला. मला मेलं फार वाईट वाटलं. किती हौसेने शिकल्या होत्या!

ताटं उचलताना माझं लक्ष बोर्डांना जोडलेल्या लॅपटॉपकडे गेलं. लुआच्या वेळी पडदा गप्प होता. आता त्यावर आकड्यांची रांग धावत होती.

"अहो, हा प्रत्येक आकडा बोलून दाखवतोय, आणि तो तोंड मिटून पळाला. ही कसली शर्यत?"

ह्यांनी जीभ चावली. तपासणीसाठी घातलेली, आकडे पडद्यावर दाखवणारी ओळ काढायचीच राहिली होती. ती काढली. तरी लुआच जिंकला, पण थोडक्यात. मग पायथनचा बोर्ड ताईंच्या यंत्राला लावून धागा मुद्दाम कापला. यंत्र जागच्या जागी थांबलं. एकही टाका सुटला नाही.

"माझ्या टाक्यांना कळलंसुद्धा नाही रे, कोण जिंकलं ते," ताई हसल्या.

त्यानंतर फोन येईना. हे अस्वस्थ. काही बिघडलं नाही म्हणून बिघडलेला माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. शेवटी सुट्टीच्या दिवशी पिशवी घेऊन निघालेच, मीही सोबत गेले. ताई यंत्रावर जाड लोकर चढवत होत्या. प्रोग्राम स्वतःच बदललेला, यंत्र झकास चाललेलं. ह्यांनी पिशवी उघडली, इकडेतिकडे बघितलं, पुन्हा बंद केली.

"मग आता माझं काय काम?" तोंड एवढंसं झालेलं.

ताईंनी यंत्र बंद केलं. ह्यांच्या हातातली पिशवी काढून कोपऱ्यात ठेवली.

"इतकी वर्षं आलास की यंत्रापुढे बसलास. आज माझ्यासमोर बस."

हे बसले आणि गप्पांत रमले. शेवटी 'किती वाजले?' हे मलाच विचारावं लागलं.