टाकीखालची सावली

हे सांगायचं नव्हतं. "शाळेची गोष्ट शाळेतच राहिली पाहिजे," असं हेडसरांनी बजावलं आहे. पण आमच्या एकोडीच्या शाळेत एका पाण्याच्या टाकीवरून इतके किस्से साठलेत, की गप्प बसून माझा घसा दुखायला लागला आहे.

टाकी उंच लोखंडी स्टँडवर आहे. चार बारीक पाय आणि त्यांना मधोमध धरून ठेवणाऱ्या तिरप्या पट्ट्या. खाली सावली असते म्हणून पहिली-दुसरीची मुलं तिथेच खिचडी खातात. माझी बहीण चिंगीही. पट्ट्या मुलांच्या डोक्याला लागतात म्हणून हेडसरांनी त्या कापून टाकल्या. "वजन तं पायच उचलतेत. पट्ट्या कायले पाहिजेत?"

त्या पट्ट्यांचं फाटक केलं. फाटक अजून सरळ आहे.

*

विज्ञान प्रदर्शनात मी प्लास्टिकची फूटपट्टी उभी धरून वरून दाबली. ती लगेच बाजूला वाकली. मग मैत्रिणीने ती मधोमध चिमटीत धरली. आता कितीतरी जास्त जोर लावला, तरी ताठ. "टाकीचंही असंच आहे," मी हळूच म्हणाले.

परीक्षक म्हणाले, "बेटा, पट्टी चांगल्या कंपनीची घ्याची होती ना."

बक्षीस ज्वालामुखीला.

*

दिवाळीनंतर टाकीचा एक पाय मधोमध बाहेर आलेला दिसला. मी विज्ञानाच्या सरांना दाखवला.

"तूच मान वाकडी करून पाहून राहिली," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सरांनी स्टँडला निळा रंग दिला. "पाय आता सरळ दिसून राहिला का नाही?"

*

खिचडी करणाऱ्या मावशींनी आपली चूल तिथून हलवली. "मी नाही बसत बा त्याच्याखाली."

"आणि मुलं?"

"पोरायचं हेडसर पाहतीन."

*

आज साहेब तपासणीला येणार, म्हणून वर दुसरी टाकी चढवली. दोन्ही काठोकाठ भरल्या. खाली चिंगीची ओळ ताटं घेऊन बसली. मी मागे गेले आणि दोन्ही टाक्यांचे नळ पूर्ण सोडले. खिचडीत पाणी, साहेबांच्या बुटांत पाणी. मुलं ओरडत मैदानभर पळाली.

"पाणी कोनं सोडलं?" हेडसर गरजले.

माझ्याकडे कुणी पाहिलंही नाही. तेवढ्यात ओली चिंगी अभिमानाने म्हणाली, "माह्या ताईनं."

आता मी ऑफिसबाहेर बसले आहे. आत साहेब विचारताहेत, "हा पाय वाकला कसा?"

"आताच वाकला, साहेब. पोरीनं पाणी सोडलं ना, त्याच्यानं."

दप्तरातून फूटपट्टी काढून ठेवली आहे. आत गेल्यावर साहेबांना आधी—

"ए पोरी, आत ये."